मालकाचा हात आणि धंद्याची वाढ

लहान धंदा उभा राहतो तो बहुधा एका माणसाच्या हिमतीवर. भांडवल त्याचे, ओळखी त्याच्या, उधारी मिळते ती त्याच्या शब्दावर आणि नुकसान झालेच तर तेही त्याच्याच माथी. साहजिकच गल्ल्याची किल्ली, चेकबुक, खरेदीचा शब्द आणि माणसे ठेवण्या-काढण्याचा अधिकार हे सर्व त्याच्याच हाती राहते. पहिली काही वर्षे धंदा झपाट्याने वाढतो. पुढे मात्र अनेक ठिकाणी असे दिसते की, पंधरा वर्षांपूर्वी जेवढी यंत्रे होती तेवढीच आजही आहेत, जेवढी गिऱ्हाइके होती तेवढीच आहेत. आणि मालक पूर्वीपेक्षा जास्त दमलेला आहे. बाजार वाढला, मागणी वाढली, मग धंदा का अडला?

ज्या हाताने धंदा उभा केला तोच हात पुढे त्याची वाढ रोखून धरतो काय, हा प्रश्न जगातील अनेक अभ्यासकांनी तपासला आहे. त्यांपैकी एक महत्त्वाची पाहणी तर आपल्याच तारापूरच्या कापड कारखान्यांत झाली. धंद्यात नव्याने उतरणाऱ्या तरुणांनी आणि त्यांच्या वडीलधाऱ्यांनीही तिचे निष्कर्ष समजून घ्यावेत, या हेतूने हा विषय येथे मांडत आहोत.

नियंत्रण म्हणजे काय?

‘धंदा माझ्या ताब्यात आहे’ असे आपण म्हणतो, तेव्हा त्यात तीन निरनिराळ्या गोष्टी मिसळलेल्या असतात. पहिली मालकी, म्हणजे नफा-तोट्याचा हक्क. दुसरी कारभार, म्हणजे रोजचे निर्णय : कोणता माल घ्यायचा, कोणत्या यंत्रावर काय चढवायचे, कोणाला सुट्टी द्यायची. तिसरी देखरेख, म्हणजे झालेले काम ठरल्याप्रमाणे झाले की नाही याची तपासणी.

धंदा लहान असताना या तिन्ही गोष्टी एकाच माणसाकडे असतात आणि त्यात वावगे काही नाही. अडचण पुढे येते. मालकाला वाटते की, कारभार दुसऱ्याच्या हाती दिला की मालकीच गेली. वस्तुत: कारभाराचा मोठा भाग सोपवूनही मालकी शाबूत ठेवता येते, मात्र त्यासाठी देखरेख पक्की असावी लागते. हा फरक ध्यानात ठेवला की पुढचे सर्व विवेचन सोपे होईल.

सुरुवातीला मालकाचाच हात हवा

संस्थापकाचे नियंत्रण ही वाईटच गोष्ट आहे, असा समज कोणी करून घेऊ नये. नव्या धंद्याला लेखी नियमांपेक्षा चपळाई अधिक उपयोगी पडते. गिऱ्हाइकाने भाव विचारला आणि मालकाने तेथल्या तेथे सांगितला, तर सौदा होतो. खर्चाची काटकसर मालक जितकी मनापासून करतो तितकी पगारी माणूस करीत नाही. आणि गिऱ्हाइकाचा विश्वास पाटीवर नसून पाटीमागच्या माणसावर असतो.

हे केवळ अनुभवाचे बोल नाहीत. साशा बेकर आणि हान्स ह्विडे या दोन अर्थशास्त्रज्ञांनी नॉर्वे या देशातील नोंदींवरून ५०० पेक्षा अधिक अशा उद्योजकांची माहिती तपासली, ज्यांचे धंदा चालू असतानाच निधन झाले. मालक गेल्यावर त्याच्या कंपनीचे काय होते, हा त्यांचा प्रश्न होता. उत्तर असे आले की, फटका मोठा बसतो आणि तो दीर्घकाळ टिकतो. धंदा लहान असो की थोडा मोठा, घरातला असो की बाहेरच्यांचा, शहरातला असो की खेड्यातला, परिणामात लक्षणीय फरक आढळला नाही. अगदी नव्या धंद्यांप्रमाणेच बऱ्यापैकी स्थिरावलेल्या धंद्यांनाही हा धक्का बसला.

या पाहणीतून दोन अर्थ निघतात आणि दोन्ही खरे आहेत. एक, संस्थापकाचे मोल फार मोठे असते. दुसरा, जे काही त्या माणसाच्या डोक्यात होते ते धंद्यात उतरलेलेच नव्हते. माणूस गेला आणि सारे त्याच्याबरोबर गेले.

गादी की राज्य?

अमेरिकेत नोम वॉसरमन या अभ्यासकाने हाच प्रश्न दुसऱ्या बाजूने तपासला. बाहेरचे भांडवल घेऊन निघालेल्या २१२ नव्या कंपन्यांची पाहणी त्यांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केली. कंपनी तीन वर्षांची होईपर्यंत निम्मे संस्थापक मुख्य अधिकारी राहिलेले नव्हते. चौथ्या वर्षी केवळ ४० टक्केच त्या जागेवर होते. पुढे २०१७ मध्ये ६,१३० अमेरिकन कंपन्यांवरील त्यांचा लेख प्रसिद्ध झाला. कंपनीचे मुख्य अधिकारीपद आणि संचालक मंडळावरील ताबा या दोन पायऱ्या धरल्या, तर संस्थापकाने हाती ठेवलेल्या प्रत्येक पायरीमागे कंपनीची किंमत सरासरीने सुमारे १७ ते २२ टक्क्यांनी कमी आढळली. संस्थापकापुढे गादी की राज्य असा प्रश्न असतो. गादी धरून ठेवली तर राज्य लहान राहते, असे त्यांच्या म्हणण्याचे सार आहे.

ही आकडेवारी जशीच्या तशी आपल्या दुकानाला लावणे मात्र चूक ठरेल. त्या कंपन्या गुंतवणूकदारांचा पैसा घेऊन चाललेल्या होत्या आणि येथे किंमत म्हणजे गुंतवणूकदारांनी केलेला अंदाज होय. आपल्याकडचा बेकरीवाला किंवा यंत्रमागधारक घरच्या पैशावर, सराफाच्या उधारीवर आणि बँकेच्या कर्जावर धंदा करतो. त्याला गादी सोडायला सांगणारे संचालक मंडळ नसते. म्हणून आपल्याला अधिक जवळचे उदाहरण पाहिले पाहिजे.

तारापूरच्या कारखान्यांतील प्रयोग

मुंबईच्या उत्तरेला तारापूर (तेव्हाचा ठाणे, २०१४ पासून पालघर जिल्हा) आणि त्यापलीकडे गुजरातमधील उंबरगाव येथे कापड विणणारे पुष्कळ कारखाने आहेत. निकोलस ब्लूम, अप्रजित महाजन, डेव्हिड मॅकेन्झी आदी पाच अभ्यासकांनी २००८ पासून तेथील १७ कंपन्यांच्या २८ कारखान्यांत एक प्रयोग केला आणि २०१३ मध्ये तो प्रसिद्ध केला. कंपन्या अगदी लहान नव्हत्या. सरासरी २७० कामगार होते. पण सर्वच्या सर्व घरच्या मालकीच्या होत्या आणि घरातील पुरुष मंडळीच त्या चालवीत होती. आपल्या ओळखीच्या धंद्यांचेच ते थोडे मोठे रूप म्हणता येईल.

सुरुवातीची परिस्थिती काय होती? सुताच्या गोण्या चिठ्ठीविना एकावर एक पडलेल्या, त्यामुळे घरात असलेलेच सूत पुन्हा विकत घेतले जाई. हत्यारे जागेवर नाहीत. यंत्र बंद पडल्यावरच दुरुस्ती, आधी देखभाल नाही. कापडात दोष निघाले तर ते दुरुस्त करायला माणसे बसवलेली, पण तो दोष कोणत्या मागावर, कोणत्या पाळीत, कशामुळे आला याची नोंद नाही. चांगल्या कारभाराच्या ३८ साध्या पद्धतींची यादी अभ्यासकांनी केली होती. त्यांपैकी जेमतेम एक चतुर्थांश या कारखान्यांत पाळल्या जात होत्या.

काही कारखाने चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे निवडून त्यांना पाच महिने सल्लागारांची फुकट मदत दिली. बाकीच्यांची एक महिना केवळ पाहणी केली, म्हणजे तुलना करता यावी. काय बदलले? नवी यंत्रे आणली नाहीत. दोषांची रोज नोंद, सकाळी त्यावर थोडी चर्चा, सुताला चिठ्ठ्या, यंत्रांच्या देखभालीचे वेळापत्रक, मालाचा चालू हिशेब, चांगल्या कामाला बक्षीस, एवढेच. मदत मिळालेल्या कारखान्यांत ३८ पैकी ६० टक्क्यांहून अधिक पद्धती रुजल्या आणि पहिल्याच वर्षात उत्पादकता १७ टक्क्यांनी वाढली. तीन वर्षांच्या आत या कंपन्यांनी इतरांपेक्षा अधिक नवे कारखानेही काढले.

कारखाने किती? घरात पुरुष जितके

आता आपल्या विषयाचा गाभा येतो. या कंपन्यांपैकी कोणती मोठी आणि कोणती लहान, हे कशावर ठरत होते? कारभार चांगला असेल ती मोठी, असे आपल्याला वाटेल. प्रत्यक्षात कंपनीचा आकार सर्वांत जास्त मिळताजुळता होता तो मालकाच्या घरात कारभार पाहू शकणारे प्रौढ पुरुष किती आहेत या संख्येशी. भाऊ आणि मुलगे पुष्कळ असतील तर कारखाने पुष्कळ. एकटा मालक असेल तर कारभार उत्तम असूनही कारखाना एकच. कारण पैसा, खरेदी, पगार, माणसे ठेवणे यांबाबतचे खरे अधिकार घराबाहेरच्या व्यवस्थापकाला कोणी देतच नव्हते. एका कारखान्यात एक घरचा माणूस हवाच, आणि घरची माणसे संपली की वाढही संपली.

जरा विचार करा. ज्या बाजारात चांगला कारागीर, चांगले यंत्र आणि मागणी सारे आहे, तेथे धंद्याची मर्यादा पाळण्यात ठरते! आणि त्यातही मुली, सुना, बहिणी मोजल्या जात नाहीत. आज अनेक घरांत मुली वाणिज्य शाखेच्या पदवीधर आहेत, हिशेब आणि संगणक उत्तम जाणतात. धंद्याला विश्वासू माणूस मिळत नाही अशी तक्रार करणाऱ्या मालकाने आपल्या घरातील निम्मी माणसे यादीतून आधीच वगळलेली असतात.

भीती निराधार नाही

बाहेरच्या माणसाला अधिकार द्यायला मालक का कचरतात? अहंकार, हट्ट, जुनी सवय ही कारणे आपण सहज सांगतो. तारापूरच्या मालकांनी सांगितलेले कारण वेगळे होते : माणूस चोरी करील, आणि त्याने केली तर आपण काय करणार? सूत बाहेर विकले जाईल, पुरवठादाराकडून दलाली खाल्ली जाईल, आणि कोर्टात गेले तर निकालाला वर्षे लागतील. घरचा माणूस निदान घरचा तरी असतो.

ही भीती खोटी नाही. जेथे न्याय उशिरा मिळतो तेथे मालकाने मुठी आवळून बसणे हा शहाणपणाचाच एक प्रकार आहे. म्हणून ‘विश्वास ठेवा’ असा कोरडा उपदेश कामाचा नाही. विश्वास ठेवण्याची जोखीम कमी कशी करायची, हा खरा प्रश्न आहे.

याचे उत्तरही त्याच प्रयोगात सापडते. ज्या कारखान्यांत रोजच्या नोंदी सुरू झाल्या तेथे मालकांनी व्यवस्थापकांना पूर्वीपेक्षा अधिक अधिकार दिले. त्यांचे मन अचानक मोठे झाले म्हणून नव्हे. सूत किती आले, किती लागले, कापड किती निघाले, दोष किती, हे कागदावर दिसू लागल्यावर प्रत्येक ठिकाणी स्वत: उभे राहण्याची गरजच कमी झाली. ज्या गोण्यांची मोजदाद आहे त्यातील एक गोणी गेली तर दुसऱ्या दिवशी कळते. मोजदादच नसेल तर मालक दिवसभर दारात बसूनही त्याला कळत नाही.

म्हणजेच नोंदवही ही मालकाची दुसरी नजर आहे. ती नसताना अधिकार देणे हा जुगार. ती असताना अधिकार न देणे हे नुकसान.

हिशेब करून पाहू

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. समजा, तयार कपडे शिवण्याचा एक लहान कारखाना आहे. मशीनी १२. मजुरी, धागा आदी खर्च वजा जाता प्रत्येक मशीनमागे दिवसाला ८०० रुपये सुटतात. प्रत्येक ऑर्डरचे कापड, माप, भाव आणि तारीख मालक स्वत: पाहतो, त्याला एका ऑर्डरमागे १५ मिनिटे लागतात. दिवसाला १२ ऑर्डरी असतील तर ३ तास गेले. धंदा वाढून ४० ऑर्डरी झाल्या की १० तास गेले. आता वसुली, बाजार, नवी गिऱ्हाइके यांना वेळ कोठून आणणार? येथे धंद्याची मर्यादा मशीनींनी ठरवलेली नाही, मालकाच्या घड्याळाने ठरवली आहे.

दुसरा भाग पाहा. मालक आठवड्यातून दोनदा अर्धा दिवस बाजारात जातो. त्या वेळात एखाद्या मशीनची मोटर बिघडते, कोठे धागा संपतो. मास्टरला दहा रुपयेही खर्च करण्याची मुभा नाही. समजा, प्रत्येक वेळी ४ मशीनी अर्धा दिवस बंद राहतात. एका वेळचे नुकसान १,६०० रुपये, आठवड्याचे ३,२००, आणि वर्षाचे ५० आठवडे धरले तर १ लाख ६० हजार रुपये.

आता मास्टरला आठवड्याला २,००० रुपयांपर्यंत दुरुस्ती आणि किरकोळ सामानाची मुभा द्या, पावती बंधनकारक. वर्षाला जास्तीत जास्त १ लाख रुपये त्याच्या हातून जातील, आणि त्यातील बहुतेक खर्च मालकालाही करावाच लागला असता. अगदी वाईट कल्पना करून दर दहा रुपयांतील एक रुपया लबाडीत गेला असे धरले, तरी नुकसान १० हजारांचे. दहा हजारांच्या भीतीने आपण १ लाख ६० हजार सोडून देत असतो. चोरी डोळ्यांना दिसते आणि मनाला लागते. बंद मशीन कोणी चोरून नेत नाही, म्हणून तिचे नुकसान कोणत्याच वहीत चढत नाही. प्रत्येकाने आपल्या धंद्याचे आकडे घालून हाच हिशेब मांडून पाहावा. कोणाचे उत्तर वेगळेही येईल. जेथे माल लहान आणि मौल्यवान आहे, उदाहरणार्थ सोन्याचे काम, तेथे मालकाने हात घट्ट ठेवणेच योग्य ठरेल.

अधिकार कसे सोपवावेत?

१. आधी नोंद, मग अधिकार. ज्या कामाची नोंद होत नाही ते काम सोपवू नये. आवक, वापर, शिल्लक आणि दोष या चार रकान्यांची वही कोणत्याही धंद्यात ठेवता येते. सुरुवातीला ती मालकाने स्वत: महिनाभर लिहावी, म्हणजे काय लिहायचे आणि किती वेळ लागतो हे कळेल.

२. रकमेची मर्यादा लेखी ठरवावी. ‘बघून घे’ असे सांगणे म्हणजे अधिकार देणे नव्हे. चूक झाली की दोष त्याचा आणि बरे झाले की श्रेय आपले, असा तो प्रकार होतो. एवढ्या रुपयांपर्यंत तू ठरव, त्यापुढे मला विचार, असे स्पष्ट असावे.

३. मागवणारा, मोजून घेणारा आणि पैसे देणारा एकच माणूस नसावा. लहान धंद्यात तीन माणसे मिळणार नाहीत, पण दोन तरी असावीत. लबाडीला दोघांचे संगनमत लागले की ती आपोआप अवघड होते.

४. अपवादच वर यावेत. ठरलेल्या भावाच्या, जुन्या गिऱ्हाइकाच्या ऑर्डरी मास्टरने किंवा मेहताने घ्याव्यात. नवे गिऱ्हाईक, मोठी उधारी किंवा ठरलेल्यापेक्षा कमी भाव असेल तेव्हाच मालकाकडे यावे.

५. आठवड्यातून एक ठरलेली वेळ वह्या पाहण्यासाठी राखावी आणि ती कोणत्याही कारणाने मोडू नये.

६. अधिकार दिल्यावर चारचौघांत परत घेऊ नये. मास्टरने दिलेला शब्द मालकाने गिऱ्हाइकासमोर फिरवला, तर दुसऱ्या दिवसापासून मास्टर काहीच ठरवीत नाही. चूक दाखवायची ती मागाहून आणि एकांतात.

७. काही गोष्टी मालकाने सोडू नयेत : मोठे कर्ज, जामीनकी, नवी जागा, भागीदार घेणे आणि मालाचा दर्जा किती असावा हे ठरवणे.

वरच्या यादीतील पाचव्या मुद्द्याला विशेष कारण आहे. तारापूरच्या त्याच कारखान्यांत अभ्यासक २०१७ मध्ये पुन्हा गेले. मधल्या काळात सुरू केलेल्या पद्धतींपैकी सुमारे निम्म्या बंद पडल्या होत्या. उरलेल्या पद्धतींमुळेही हे कारखाने इतरांपेक्षा पुढेच होते, हे खरे. पण निम्म्या का गेल्या? सर्वाधिक सांगितलेल्या कारणांपैकी दोन अशी : व्यवस्थापक बदलला, आणि मालक-संचालकांना त्यात लक्ष घालायला वेळ उरला नाही. याचा बोध स्पष्ट आहे. कारभार सोपवता येतो, देखरेख सोपवता येत नाही. जो मालक अधिकार देऊन मोकळा होतो आणि वह्या उघडूनही पाहत नाही, त्याचा धंदा पुन्हा जुन्याच वळणावर येतो.

मालकाच्या पश्चात

संस्थापकाच्या नियंत्रणाची खरी परीक्षा तो नसताना होते. येथे कायद्याचे काही मुद्दे माहीत असणे जरूर आहे. एकट्याच्या नावावरचा धंदा कायद्याच्या दृष्टीने त्या माणसापासून वेगळा नसतो. तो गेला की बँकेचे खाते, परवाने, येणी सारेच अडते. भागीदारी असेल तर १९३२ च्या भागीदारी कायद्याच्या कलम ४२ नुसार, करारात वेगळे लिहिलेले नसल्यास, एका भागीदाराच्या मृत्यूने भागीदारी संपते. आणि भागीदार दोनच असतील तर एकट्याची भागीदारी होत नसल्याने वारसाला घेऊन नव्याने जुळवावे लागते. २००८ च्या कायद्यानुसार होणारी मर्यादित दायित्व भागीदारी मात्र भागीदार बदलले तरी कायम राहते. तिला किमान दोन भागीदार लागतात. २०१३ च्या कंपनी कायद्याने एका व्यक्तीची कंपनीही काढता येते आणि तीत मालकाच्या पश्चात कोण, त्याचे नाव आधीच द्यावे लागते.

आपल्या बहुतेक वाचकांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे. मुस्लिम व्यक्तिगत कायद्यात हिंदू अविभक्त कुटुंबासारखी एकत्र मालमत्तेची कल्पना नाही. मालक हयात असेपर्यंत धंदा संपूर्ण त्याचा. त्याच्या पश्चात देणी फेडून उरलेल्यात वारसांचे हिस्से ठरलेले. मृत्युपत्राने सर्वसाधारणपणे एक तृतीयांशापर्यंतच देता येते आणि एखाद्या वारसाला अधिक द्यायचे तर इतर वारसांची संमती लागते. याचा परिणाम काय होतो? थोरला मुलगा पंधरा वर्षे वडिलांच्या दुकानात राबलेला असतो. पगार ठरलेला नाही, भागीदारीचा कागद नाही. ‘सगळे तुझेच तर आहे’ हे वाक्य मात्र हजारदा ऐकलेले. वडील गेल्यावर त्याला कळते की, दुकानात त्याचा हिस्सा नोकरीवर असलेल्या धाकट्या भावाइतकाच आहे आणि बहिणींचेही हिस्से आहेत. भाऊ-बहिणी आपला हक्कच मागत असतात, त्यांचे काही चुकलेले नसते. पण त्याला वाटते की आपण फसवलो गेलो. मग दुकानाला कुलूप, कोर्टाच्या तारखा आणि कारागिरांची पांगापांग.

हा वाद वारसाहक्काने निर्माण केलेला नसतो. मालकी, कारभार आणि कामाचा मोबदला या तीन गोष्टी वडिलांनी हयातीत वेगळ्या केल्या नाहीत म्हणून तो होतो. राबणाऱ्या मुलाला किंवा मुलीला रीतसर पगार द्यावा, किंवा हयातीतच लेखी भागीदारी करून घ्यावी. म्हणजे मोबदला मोबदल्याच्या जागी राहतो आणि वारसाचा हिस्सा हिश्श्याच्या जागी. हिस्सा सर्वांचा असला तरी कारभार कोणी पाहायचा, त्याला काय मिळायचे आणि इतरांना हिशेब कधी दाखवायचा, हेही लिहून ठेवता येते. यासाठी जाणकार वकिलाचा सल्ला घ्यावा. त्याची फी पुढील खटल्याच्या खर्चापेक्षा खचितच कमी असते.

पंधरा दिवसांची कसोटी

शेवटी एक सोपी कसोटी. मालकाने पंधरा दिवस धंद्यापासून दूर राहावे : प्रवास असो, आजारपण असो की लग्नकार्य. रोज फोन करू नये. परत आल्यावर तीन गोष्टी पाहाव्यात. कोणते काम अडून राहिले? कोणता निर्णय चुकला? आणि कशाची नोंदच सापडत नाही?

अडलेल्या कामांची यादी म्हणजे अजून न सोपवलेल्या अधिकारांची यादी होय. चुकलेला निर्णय म्हणजे कोणाला काय शिकवायचे राहिले त्याची खूण. आणि ज्याची नोंद सापडत नाही तेथे चोरीची शक्यता आहे, मग मालक हजर असो वा नसो. एकदम पंधरा दिवस जमत नसतील तर तीन दिवसांपासून प्रारंभ करावा आणि वर्षभरात मुदत वाढवीत न्यावी. ज्याचा धंदा पंधरा दिवस त्याच्यावाचून नीट चालतो, त्याने दुसरी शाखा काढण्याचा विचार खुशाल करावा. ज्याचा चालत नाही, त्याने नवे भांडवल घालण्याआधी एक नवी वही घालावी.